जीसीपीचं (क्लिनिकल ट्रायल नीट चालवायच्या नियमांचं) प्रमाणपत्र आहे, तरी सोर्स फाइल (रुग्णाच्या मूळ नोंदींची फाइल) चुकते. नव्या कोऑर्डिनेटरना कसं तयार करावं?

करवीर_साइट
नमस्कार. कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात औषधांच्या ट्रायलचं, म्हणजे रुग्णांवरच्या चाचण्यांचं काम चालतं. रुग्णांच्या भेटी आणि नोंदी सांभाळणारे कोऑर्डिनेटर तीन, तिघंही नवे: दोघं बी.फार्म., एक नर्सिंगची. जीसीपीचा ऑनलाइन कोर्स सगळ्यांचा झालाय. तरी प्रायोजक कंपनीतर्फे नोंदी तपासायला येणारे मॉनिटर दरवेळी तेच काढतात: खाडाखोड, फिका पडलेला ईसीजी, गोळ्यांचा हिशोब न जुळणं. पुण्या-मुंबईला आठवडाभर पाठवणं जमणार नाही. इथंच काम सांभाळून काय शिकवावं?

लाल_पेन
कोर्सनं नियम कळतो, हात बसत नाही. एक नकली रुग्णफाइल बनवा: संमतीपत्र, तीन भेटी, लॅब रिपोर्ट, औषधाचा हिशोब. तिच्यात दहा-बारा चुका पेरा आणि प्रत्येकाला एकट्यानं दोन तास शोधू द्या. उदाहरणार्थ, संमतीची वेळ 11.20, रक्त काढलं 10.50, म्हणजे संमतीआधीच. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) वाढलेलं, रिपोर्टवर डॉक्टरांची सही आहे, पण ते वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचं की नाही हा शेरा नाही. दिल्या 30 गोळ्या, रोज 2 प्रमाणे 14 दिवस, परत आल्या 5. यायला हव्या होत्या 2. म्हणजे 28 पैकी 25 घेतल्या, 89 टक्के. उरलेल्या 3 का राहिल्या, हे रुग्णाला विचारून त्याच भेटीत लिहायचं. पुढच्या भेटीत त्याला आठवत नाही.

दुरुस्ती म्हणजे एकच आडवी रेघ. खालचं वाचता आलंच पाहिजे. शेजारी बरोबर नोंद, सही, दुरुस्ती केली त्या दिवसाची तारीख, गरज असेल तिथं कारण. मागची तारीख टाकणं ही चूक नव्हे, फसवणूक आहे. हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. ईसीजीच्या थर्मल कागदावरचा छाप उजेडानं, उष्णतेनं आणि काही प्लास्टिकच्या पाकिटांनीही उडतो. त्याच दिवशी झेरॉक्स काढा, 'मूळ प्रतीशी पडताळली' लिहून सही-तारीख करा आणि मूळ कागदासोबत लावा.

साक्षीदार
संमतीचा सराव वेगळा घ्या, माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ तिथंच द्यावा. एकानं अंगठा देणाऱ्या आजोबांची भूमिका करायची. "समजलं का?" विचारलं की आपल्याकडं "व्हय" हेच उत्तर येतं, त्यामुळं तो प्रश्नच बाद. "आजोबा, मधेच औषध नको वाटलं तर काय करणार, सांगा बघू" असं विचारायचं. वाचता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदार पूर्ण वेळ हजर हवा, फक्त सहीपुरता नव्हे, आणि तो ट्रायलच्या टीममधला नको. निपाणीकडचा रुग्ण मराठी बोलतो, पण पुष्कळदा वाचतो कन्नड. एथिक्स कमिटीनं (रुग्णांचं हित बघून ट्रायलला मंजुरी देणारी समिती) मंजूर केलेली संमतीपत्राची कन्नड प्रत आधीच तयार ठेवा. नव्या रासायनिक घटकाच्या (आधी मंजूर नसलेल्या औषधद्रव्याच्या) ट्रायलमध्ये असुरक्षित गटातल्या सहभागींच्या संमतीचं दृक्श्राव्य चित्रीकरण नवी औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम, 2019 नुसार बंधनकारक आहे. कॅमेऱ्यासमोरचा सरावही त्यातच उरका.

करवीर_साइट
आभारी आहे. एसएई (रुग्णाला दाखल करावं लागणं किंवा मृत्यू अशी गंभीर घटना) कळवायला उशीर होतो, त्याचं काय? रुग्ण कागल-गडहिंग्लजला दाखल होतो आणि आम्हाला चार दिवसांनी कळतं.

लाल_पेन
2019 च्या त्याच नियमांप्रमाणे इन्व्हेस्टिगेटरनं (ट्रायलची जबाबदारी असलेल्या डॉक्टरांनी) 24 तासांत केंद्रीय परवाना प्राधिकरण, प्रायोजक आणि एथिक्स कमिटी या तिघांनाही कळवायचं असतं. उशीर झाला तर कारण अहवालासोबतच द्यावं लागतं. म्हणून फोन आला ती तारीख-वेळ, कुणी केला, कुणी घेतला हे लगेच लिहायला शिकवा. रुग्णाच्या खिशात मराठी कार्ड द्या, नातेवाइकाचा नंबर घ्या. महिन्यातून एकदा शनिवारी संध्याकाळी रुग्ण दाखल झाल्याचा खोटा फोन करा आणि अहवालाचा मसुदा पूर्ण व्हायला किती तास लागले ते मोजा. बहुतेकदा अडतं ते डिस्चार्ज कार्डवर. त्याची वाट बघायची नाही. पहिला अहवाल हातात असलेल्या माहितीवर जातो, बाकीचं पुढच्या अहवालात.

साक्षीदार
आणि डेलिगेशन लॉग (कुणाला कोणतं काम कधी सोपवलं याची नोंद) बघा, मॅडम. काम सोपवल्याची तारीख त्या कामाच्या प्रशिक्षणाआधीची असेल, तर वरचं सगळं करूनही मॉनिटर तिथंच बोट ठेवणार. नकली फाइलचा सरावही विषय, तारीख आणि शिकवणाऱ्याच्या सहीसह ट्रेनिंग लॉगमध्ये चढवा.