प्रति: गुलमर्गचा अफरवट आणि 'तीन दिवसांचा नियम'

ताजा बर्फ पडून तीन दिवस उलटले की अफरवट या स्कीइंगच्या डोंगराचे उतार हिमस्खलनापासून (बर्फाचा थर घसरून कोसळण्यापासून) निर्धोक होतात, असा 'तीन दिवसांचा नियम' सांगितला जातो. वरच्या थरापुरते ते बऱ्याच अंशी खरे आहे; पण मोसमाच्या सुरुवातीला पडलेला पातळ बर्फ निरभ्र, कडाक्याच्या थंडीत उघडा राहिला, तर तळाची ऊब आणि पृष्ठभागाची थंडी यांतील तफावतीमुळे त्याचे कण जाड साखरेसारखे सुटे होतात, आणि त्यावर नंतर कितीही बर्फ साचला तरी तो कमकुवत थर कित्येक आठवडे तसाच दबून राहतो. चालताना पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज आला किंवा बर्फाला तडा धावत गेला, तर हा थर खचतो आहे असे समजून तीस अंशांहून तीव्र उतार सोडावा, आणि अशा उताराच्या पायथ्याशीही रेंगाळू नये. संरक्षण संशोधन संस्था डीआरडीओच्या डीजीआरई या विभागाचे हिमस्खलनाचे इशारे जरूर पाहावेत, मात्र ते मोठ्या प्रदेशासाठी असतात. एकाच डोंगराच्या दोन कुशींतला फरक त्यांत दिसत नाही. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा माग देणारे रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडे प्रत्येकाजवळ हवेच (गाईडकडे आहे, हे उत्तर नव्हे!), कारण बर्फाखाली गाडला गेलेला माणूस वाचण्याची शक्यता पहिल्या पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते.