नाशिकमधलं कॅमेऱ्याचं दुकान: व्यापारी संघटनेचं सभासद व्हावं का?

शालिमार_फोटो

नमस्कार मंडळी. शालिमारजवळ आमचं फोटोचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता नवरा आणि मी बघतो. पुढे कॅमेरे, लेन्स, बॅटऱ्या, मेमरी कार्डं, ट्रायपॉड. आत छोटा स्टुडिओ आणि प्रिंटिंग.

गेल्या काही वर्षांत धंद्याची घडीच बदलली. गिऱ्हाईक येतं, कॅमेरा हाताळतं, तासभर शंका विचारतं आणि काउंटरवर उभं राहूनच मोबाइलवरचा ऑनलाइन भाव दाखवतं. काही मॉडेलांचा तो भाव आमच्या खरेदीच्याही खाली असतो. पासपोर्टचा आणि आधारचा फोटो आता केंद्रावरच काढतात. उरले परीक्षांचे फॉर्म, शाळा आणि परदेशी व्हिसे. लग्नाचे करिझ्मा अल्बम (जाड पानांवर डिजिटल छापलेले) अजून येतात, पण पूर्वी एका लग्नाचे दोन-तीन व्हायचे, आता एकावर भागतं.

जिल्ह्यातल्या फोटो व्यावसायिकांच्या एका संघटनेनं सभासद व्हा म्हणून विचारलं आहे. वर्गणी फार नाही. पत्रकात सगळ्यात वर "एकसमान दरपत्रक" आणि त्याखाली १९ ऑगस्टचा जागतिक छायाचित्रण दिनाचा मेळावा, सत्कार वगैरे. मेळाव्याला माझा विरोध नाही, आनंदानं जाऊ. पण आमच्यासारख्या विक्री करणाऱ्या दुकानाला संघटनेकडून नेमकं काय मिळू शकतं? पैसे भरण्याआधी काय तपासायचं? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर सांगा.

जुना_लॅबवाला

ताई, प्रश्न अगदी वेळेवर विचारलात. मी पंचवटीत कलर लॅब चालवायचो, म्हणून मोठ्या चित्रापासून सुरुवात करतो.

जपानमधली कॅमेरा उत्पादकांची संघटना, सीपा, दरवर्षी आकडे जाहीर करते. २०१० साली जगभरात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे रवाना झाले होते. २०२३ मध्ये ७७ लाखांच्या आसपास. जो माल गेला तो बहुतेक खिशात मावणारा साधा कॅमेरा, त्याची जागा फोननं घेतली. उरलेला माल महाग आहे आणि तो घेणारा माणूस दुकानदाराइतकाच जाणकार असतो. कोनिका मिनोल्टानं २००६ मध्येच कॅमेरा आणि फोटोचा धंदा सोडला, कोडॅक जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोचली. कंपन्यांची ही गत, तर गल्लीतल्या दुकानाला एकट्यानं वाट शोधायला सांगणं अन्यायाचं आहे. संघटना त्यासाठीच हवी.

संघटनाही बदलाव्या लागतात, हे मात्र लक्षात घ्या. अमेरिकेत फोटो मार्केटिंग असोसिएशन ही १९२४ पासूनची संस्था. सुरुवात फोटो धुऊन देणाऱ्यांची, पुढे सगळा किरकोळ व्यापार तिच्यात आला. प्रशिक्षण, बाजाराची पाहणी, डिजिटल प्रिंटिंगसाठी वेगळा विभाग, असं बरंच काम तिनं केलं. पण वार्षिक प्रदर्शन हा तिचा कणा होता, आणि २०१२ पासून ते लास व्हेगासच्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनाला जोडावं लागलं. म्हणून मी संघटनेला पहिला प्रश्न हाच विचारतो की तुमचा पैसा येतो कुठून? सगळा भार कंपन्यांच्या स्टॉलभाड्यावर असेल, तर कंपन्यांनी हात आखडला की संघटनाही आखडते, आणि दुकानदाराची बाजू कंपनीपुढे मांडायला तिची जीभ रेटत नाही. सभासदांच्या वर्गणीवर चालणारी संघटना लहान असेल, पण तुमची असते.

देशपातळीवर मुंबईत ऑल इंडिया फोटोग्राफिक ट्रेड अँड इंडस्ट्री असोसिएशन आहे. कर, आयात अशी दिल्लीत बोलायची कामं तिथल्या वजनाची. गल्लीतली कामं गावातल्या संघटनेचीच. दोन्हींची जागा वेगळी.

सीए_गंगापूररोड

त्या दरपत्रकाबद्दल आधी बोलतो, कारण ते वाचून मला काळजी वाटली.

संघटनेनं सभासदांसाठी किमान दर ठरवून देणं हे स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ मध्ये अडकू शकतं. एकाच धंद्यातल्या लोकांनी एकत्र बसून भाव ठरवणं हाच त्या कलमाचा विषय आहे, आणि ते ठरवणारी संघटना असली म्हणून सूट मिळत नाही. औषधविक्रेत्यांच्या संघटनांवर स्पर्धा आयोगानं कारवाई केलेली आहे. "हेतू चांगला होता" हे उत्तर तिथे चालत नाही. दरपत्रकाऐवजी खर्चाचा तक्ता करून द्या म्हणावं: एका १२ बाय १८ इंची पानाला कागद, शाई, वीज, माणसाचा वेळ किती लागतो, ते कसं मोजायचं. भाव प्रत्येकानं आपापला ठरवावा. माझ्या मते अर्ध्याहून जास्त दुकानदार तोट्यात छापतात ते खर्च मोजलेलाच नसतो म्हणून.

आता त्याच कायद्याची दुसरी बाजू. कलम १९ प्रमाणे आयोगाकडे माहिती दाखल करण्याचा अधिकार व्यापारी संघटनेला स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. जानेवारी २०२० मध्ये आयोगानं दोन मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांच्या चौकशीचा आदेश दिला, तो दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून. मोबाइल फोनच्या सवलती आणि ठरावीक विक्रेत्यांना झुकतं माप, हा त्यातला मुद्दा होता. तुम्ही सांगता ती तक्रार, खरेदीपेक्षा खालचा विक्रीभाव, याच जातीची आहे. एकट्या दुकानदारानं वकील लावून हे लढणं कठीण. पण दहा दुकानांनी आपली खरेदीची बिलं आणि त्याच दिवसाचे ऑनलाइन भाव तारखेसह नोंदवून ठेवले, तर संघटनेच्या हातात पुरावा येतो. हे काम तुमची संघटना करणार आहे का, हे विचारा.

कराचं थोडक्यात. डिजिटल कॅमेऱ्यांवर आधी २८ टक्के जीएसटी होता, १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्के. जुने कॅमेरे घेऊन विकत असाल तर जीएसटीचा नियम ३२(५) नीट समजून घ्या: खरेदीवर इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) घेतलेलं नसेल तर पूर्ण विक्रीवर कर लागत नाही, खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो. जुन्या मालाचा धंदा वाढतोय, आणि दुकानदारांना हा नियम माहीतच नसतो. संघटनेनं वर्षातून एकदा फक्त यावर वर्ग घेतला तरी वर्गणी वसूल.

आणि हो, संघटना नोंदणीकृत आहे का, धर्मादाय आयुक्तांकडे असेल तर हिशेबाचे अहवाल वेळेवर गेलेत का, शेवटची निवडणूक कधी झाली, पदाधिकारी बदलल्याचे अर्ज दिलेत का, हे बिनधास्त विचारा. सभासदाचा तो हक्क आहे.

शालिमार_फोटो

सीए साहेब, मनापासून आभार. जुने कॅमेरे आम्ही घेतो आणि आजवर पूर्ण किमतीवरच कर लावत आलोय. उद्याच आमच्या कर सल्लागारांना विचारते. दरपत्रकाचा मुद्दा तर कुणी बोललंच नव्हतं.

न्युरेंबर्गचा_नाशिककर

मी मूळचा सिडकोचा, सध्या इथे जर्मनीत. आमच्या शेजारच्या फ्युर्थ गावात रिंगफोटो नावाची संस्था आहे. स्वतंत्र फोटो दुकानदारांची सामुदायिक खरेदी ती करते. दुकानं प्रत्येकाची स्वतःची, पाटी स्वतःची, पण कंपनीशी भावाची बोलणी एकत्र. आणि नुसती खरेदी नाही. फोइग्टलेंडर हे १७५६ साली व्हिएन्नात सुरू झालेलं नाव, जगातल्या सगळ्यात जुन्या ऑप्टिकल नावांपैकी एक. त्या नावाची मालकी याच रिंगफोटोकडे आहे. म्हणजे किरकोळ दुकानदारांचा गट एका ऐतिहासिक ब्रँडचा मालक आहे! हे मला कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

नाशिकला हे परकं नाही. द्राक्षवाल्यांनी मोहाडीत सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीतून जे केलं, त्याचाच हा दुकानदारी अवतार म्हणा. सुटा शेतकरी व्यापाऱ्यापुढे उभा राहिला की भाव व्यापारी सांगतो. एकत्र आला की बोलणी होतात.

सुरुवात लहान ठेवा. कॅमेरा बॉडीच्या वाटेला लगेच जाऊ नका, तिथे कंपनी, वितरक, त्यांचे इलाखे असा सगळा जाच असतो. बॅगा, ट्रायपॉड, मेमरी कार्डं, फ्रेमा, अल्बमची कव्हरं, छपाईचा कागद. मार्जिन यातच आहे. मेमरी कार्डांत नकली माल इतका फिरतो की अधिकृत वितरकाकडून एकत्र घेतलेला, बिलासह माल हीच दुकानाची जाहिरात होईल.

निफाडकर

व्यापारातलं मला फार कळत नाही, पण गिऱ्हाईक म्हणून सांगतो.

हिवाळ्यात आम्ही नांदूर मध्यमेश्वरला पक्षी टिपायला जातो. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) जाहीर झालं, तेव्हापासून पुण्या-मुंबईचे लोकही वाढलेत. चापडगावच्या बाजूला सकाळी जाऊन बघा, किती जण लांबचं टिपणारी ६०० मिलिमीटरची लेन्स हातात धरून बघायला आसुसलेले असतात. विकत घेण्याआधी दोन दिवस भाड्यानं मिळाली तर घेणारा तुमच्याकडूनच घेईल. ऑनलाइनवाला पहाटे साडेपाचला धरणावर येऊन फोकस कसा लावायचा ते शिकवणार नाही. एका दुकानाला इतक्या महागड्या लेन्स ठेवणं परवडत नाही, पण चार-पाच दुकानांनी मिळून साठा केला तर? त्यावरून संघटनेच्या नावानं फोटोवॉक काढा. आम्ही पैसे देऊन येऊ.

ओझरकर

भाड्याचा विषय निघालाच आहे तर विम्याचं बघा. दुकानाची पॉलिसी बहुतेक वेळा दुकानाच्या चार भिंतींपुरती असते. लेन्स गिऱ्हाइकाबरोबर निफाडला गेली, की तिला वेगळं ऑल रिस्क कव्हर, म्हणजे दुकानाबाहेरही लागू होणारा विमा, लागतं. एकेकट्यानं घ्यायला गेलं की विमा कंपनी फारशी दाद देत नाही. सभासदांची गट पॉलिसी मागितली की बोलणं सोपं होतं. ओळखपत्राची प्रत, सीरियल नंबर आणि अनामत रक्कम, यांचा एकच छापील नमुना संघटनेनं सगळ्यांना द्यावा.

ड्रोन ठेवत असाल तर जास्त जपा. परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, तरी ते बाजारात बिलाशिवाय मिळतात. असा माल काउंटरवर ठेवूच नका. शिवाय आपल्याकडे देवळालीला तोफखान्याचं केंद्र, ओझरला एचएएलचा विमानतळ, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. कुठे उडवता येईल हे डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर बघितल्याशिवाय लग्नाची ऑर्डर घेणारे पाहिले की जीव घाबरतो. सिंहस्थ तोंडावर आलाय, तेव्हा बंदोबस्त आणखी कडक असेल. पोलिसांकडून लेखी नियम आणून सभासदांना समजावून सांगणं, हे काम संघटनेचंच.

जुना_लॅबवाला

सिंहस्थाचं ओझरकरांनी बरं आठवलं. २०१५ ला बाहेरून आलेले छायाचित्रकार रात्री-अपरात्री बॅटरी, कार्ड, चार्जर शोधत रामकुंडापासून मेनरोडपर्यंत फिरत होते आणि दुकानं बंद. या वेळी पाळ्या लावून एक तरी दुकान रात्रभर उघडं ठेवता आलं, त्याची यादी धर्मशाळा, हॉटेलं आणि पत्रकारांपर्यंत पोचवता आली, तर सगळ्या शहराची सोय होईल. असल्या कामाला संघटना लागते, एकट्याचं बळ पुरत नाही.

अजून एक. प्रिंटिंग सोडू नका. लोकांच्या फोनमध्ये हजारो फोटो पडलेत आणि घरात एकही लावलेला नाही. तुमच्याकडे फोटो व्हॉट्सअॅपवर येत असतील तर गिऱ्हाइकाला फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. साधा पाठवला की तो आकसून लांब बाजूला १६०० पिक्सेलच्या आसपास उरतो. ४ बाय ६ ला तो चालून जातो, पण १२ बाय १८ ला ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) लांब बाजूला ५४०० पिक्सेल लागतात. मग चेहरे मऊ येतात आणि दोष दुकानाला. काउंटरवर एक मोठा कागद चिकटवा, त्यावर कृती चित्रांसह. असा कागद संघटनेनं एकदाच छापून सगळ्यांना वाटला तर किती बरं.

व्हिसाचंही तसंच. अमेरिकेला २ बाय २ इंच, युरोपातल्या शेंगेन देशांना ३५ बाय ४५ मिलिमीटर आणि चेहऱ्याची उंची ३२ ते ३६. कुठल्या देशाला काय चालतं याची पक्की, वेळोवेळी दुरुस्त होणारी यादी ज्या दुकानात आहे तिथे कॉलेजरोडची परदेशी शिकायला जाणारी पोरं आपणहून येतात.

शालिमार_फोटो

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांची ऋणी आहे.

घरी बोलणं झालं. संघटनेत जायचं ठरवलं आहे, पण पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी लेखी देणार: दरपत्रकाऐवजी खर्चाचा तक्ता, खरेदी बिलं आणि ऑनलाइन भाव यांची नोंदवही, आणि भाड्याच्या मालासाठी गट विमा. त्यांनी होकार दिला तर सिंहस्थाच्या रात्रपाळीचं काम मी अंगावर घ्यायला तयार आहे.

एकत्र खरेदीसाठी मात्र बैठकीची वाट बघत नाही. मेमरी कार्डं आणि बॅगांपासून सुरू करू. नाशिकरोड, देवळाली, सिन्नर, कुठलंही दुकान असो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

नाशिकरोडकर

आजवर वाचत होतो फक्त. आमचं दुकान बिटको चौकाजवळ. कार्डांत आम्ही आहोत, बॅगांत नाही, आमच्याकडे त्यांचा जुना साठा पडून आहे. सिन्नरच्या एका ओळखीच्या दुकानदारालाही विचारतो. वितरकाचं कोटेशन तुम्ही मागवताय की आम्ही मागवू? एकाच नावानं गेलेलं बरं, नाहीतर दोघांना दोन भाव सांगतील. आणि बिल प्रत्येकाच्या जीएसटी नंबरवर वेगळं हवं, हे आधीच बोलून ठेवा.

शालिमार_फोटो

मी मागवते. वेगळ्या बिलांचं आधी बोलून घेईन. व्यनि केला आहे, तुमची संख्या कळवा.