टोरांटोला डेस्कटॉप न्यायचाय, एसएमपीएसवर २००–२४० लिहिलंय

घोडबंदर_रोड: मुलगी मास्टर्सला टोरांटोला चाललीय. थ्रीडी ॲनिमेशनचं काम, त्यामुळे तिला स्वतःचाच डेस्कटॉप हवाय. कॅबिनेट आणि मॉनिटर इथेच ठेवतोय. मदरबोर्ड, ग्राफिक कार्ड, एसएसडी आणि एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बॅगेत जाईल. एसएमपीएसच्या स्टिकरवर इनपुटपुढे '२००–२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ' लिहिलंय. तिकडे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ आहे म्हणे. ठाणे स्टेशनजवळच्या दुकानात एक युनिव्हर्सल ॲडॅप्टर दाखवला, 'जगात कुठेही चालतो' म्हणाले. तो लावून काम भागेल का? आणि फ्रिक्वेन्सीचं काय?

कळवा_पूर्व: माझा लॅपटॉप अमेरिकेत मस्त चालला, नुसता पिन बदलणारा ॲडॅप्टर लावून. बिनधास्त न्या.

रबाळे_बेंच: ताई, तुम्ही आधी स्टिकर वाचलात हे फार बरं केलंत. लॅपटॉपची गोष्ट वेगळी. त्याच्या चार्जरवर बहुतेक वेळा १००–२४० लिहिलेलं असतं. तुमच्यावर २००–२४० आहे, म्हणजे १२० वर तो चालवायचा नाही. एक तर चालूच होणार नाही, किंवा चालू होऊन रेंडर लावल्याबरोबर बंद पडेल. दुकानातला तो ॲडॅप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्टेज तेवढंच राहतं. शिवाय त्यातल्या बऱ्याच ॲडॅप्टरांना अर्थिंग नसतं. लोखंडी कॅबिनेटच्या मशीनला अर्थिंगशिवाय वीज देऊ नका, मग देश कुठलाही असो.

फ्रिक्वेन्सीची काळजी सोडा. एसएमपीएस आत शिरल्या शिरल्या एसीचं डीसी करतो, त्याला ५० काय आणि ६० काय. ज्यात जुन्या पद्धतीचा जड ट्रान्सफॉर्मर असतो, उदाहरणार्थ काही स्पीकर, तिथे मात्र हा आकडा बघावा लागतो.

आता उपाय. १२० चे २४० करणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण एवढ्या मशीनला पुरेल असा घेतला तर चांगला काही किलोंचा धोंडा होतो. मी सुचवणार नाही. ॲक्टिव्ह पीएफसीवाला (म्हणजे येणारी वीज आधी सुधारून घेणारा), इनपुट १००–२४० असलेला एसएमपीएस घ्या. त्यात आधी एक बूस्ट सर्किट असतं. बाहेरून १०० येवो की २४०, ते उचलून आत साधारण ३८० ते ४०० व्होल्ट डीसी करून ठेवतं आणि पुढचं सगळं त्यावर चालतं. म्हणून त्याला ११५/२३० निवडायचा स्विच लागत नाही. मात्र खोक्यावरच्या '८० प्लस' या कार्यक्षमतेच्या खुणेवर जाऊ नका, त्यातली एक चाचणी फक्त २३० व्होल्टवरची असते. इनपुटची ओळच वाचायची.

कळवा_पूर्व: बरोबर, माझ्या चार्जरवर १००–२४० च आहे. मग नवीन एसएमपीएस इथून घ्यावा की तिथून?

रबाळे_बेंच: कॅबिनेट तिथेच घेणार आहेत, तर एसएमपीएसही तिथेच घ्यावा. बॅगेतलं वजन वाचेल आणि वॉरंटीसाठी ठाण्याला पाठवायची वेळ येणार नाही. वायरही तिथलीच, दोन चपट्या पिना आणि एक गोल अर्थची, अंगावर सीएसए किंवा सीयूएल ही तिकडची सुरक्षिततेची खूण असलेली. आपल्या तीन गोल पिनांच्या वायरला ॲडॅप्टर लावून वर्षभर चालवू नये. ४५० वॅटच्या लोडला आपल्याकडे अडीच अँपिअरच्या आत काम होतं, तिकडे साडेचारच्या आसपास जातं. सैल जोड असेल तर तो तापणारच.

आणखी एक, हे मुलीला नक्की सांगा. जुना एसएमपीएस मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या निघणारा, असेल तर त्याच्या केबल बॅगेत टाकू नका. एसएमपीएसच्या बाजूचं टोक नव्यातही बसू शकतं, पण आतली पिनांची जुळणी कंपनीगणिक वेगळी असते. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की तिची एसएसडी, म्हणजे सगळं काम, जागच्या जागी गेलं.

नेरूळ_सेक्टर: विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. दादा अमेरिकेतून कायमचा परत आलाय, सामानात त्याचा जुना टॉवर पीसी आहे. मागे लाल स्विच आहे. नुसती वायर बदलून लावू का?

रबाळे_बेंच: थांबा. लावू नका. आधी त्या स्विचवर काय दिसतंय ते बघा.

जाताना चूक झाली, म्हणजे स्विच २३० वर आणि घरात १२०, तर मशीन बहुधा नुसतं चालू होत नाही. येताना चूक झाली तर फुटतं. आत दोन मोठे कपॅसिटर एकापुढे एक जोडलेले असतात, प्रत्येक साधारण २०० व्होल्टचा. स्विच ११५ वर असला की सर्किट व्होल्टेज दुप्पट करतं आणि दोघांवर मिळून सव्वातीनशे येतात. तेच २३० वर लावलं की साडेसहाशे. माझ्या बेंचवर असे एसएमपीएस आलेत. कपॅसिटरचं डोकं उकललेलं, आतला कागद पंख्याच्या पात्यांना चिकटलेला, शेजारचा व्हेरिस्टर (जादा व्होल्टेज अडवणारा भाग) काळा ठिक्कर आणि फ्यूज आतून आरशासारखा. तिखट वास तर डबा उघडण्याआधीच येतो. घरात लहान मूल टेबलाशी उभं असताना हा आवाज झाला तर काय, याचा विचार करा.

वायर पूर्ण काढून छोट्या स्क्रूड्रायव्हरने स्विच २३० वर सरकवा, आकडा पूर्ण दिसला पाहिजे. मग वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा. डबा मात्र उघडू नका, कपॅसिटरमध्ये वीज उरलेली असते.

नेरूळ_सेक्टर: ११५ वरच होता. सरकवला, पट्टी लावली, आता मशीन चालू आहे. त्याच्याबरोबर लेझर प्रिंटरही आलाय, त्यावर फक्त ११०–१२७ आहे.

रबाळे_बेंच: तो अजिबात लावू नका. लेझर प्रिंटरचा हीटर त्याच व्होल्टेजचा असतो आणि तापताना एकदम खूप करंट ओढतो. त्याला पुरेल एवढा स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर, घेण्यापेक्षा इथला नवा प्रिंटर परवडेल.

घोडबंदर_रोड: मुलीला सगळं वाचून दाखवलं. जुन्या केबल तिने बॅगेत भरल्याच होत्या, त्या काढून ठेवल्या. एसएमपीएस तिथेच घेतेय.