जुनी फिशिंग ल्यूर्स (मासे फसवायची खोटी आमिषं) मिळालीत, साफ करू की तशीच ठेवू? मदत हवी आहे (नाशिक)

नमस्कार मंडळी, मी नाशिकरोडचा. देवळाली कॅम्पला एका जुन्या बंगल्यातलं सामान काढत होते, तिथनं एक पत्र्याचा डबा घेतलाय, आत मासेमारीचं सगळं जुनं सामान आहे. आमच्याकडे दारणेवर, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला गळ टाकणारे पुष्कळ, पण ते कणकेचा गोळा नायतर गांडूळ लावणारे, ही लाकडाची-पितळेची खोटी मासळी जमवणारं कुणी नाशकात भेटलं नाही म्हणून इथे विचारतोय.

सगळ्यात भारी आहे तो लाकडी मासा. साधारण चार इंच, पोटाला दोन आणि शेपटाला एक ट्रेबल हुक (तीन टोकांचा गळ), अंगावर खवल्यांची नक्षी इतकी बारीक की भिंग घेऊन बघत बसावं. डोळे काचेचे वाटतात, नखाने टकटक केलं की कळतं. हनुवटीला पत्र्याची जीभ आहे आणि तिच्यावर क्रीक चब बेट कंपनी, गॅरेट, ७ सप्टेंबर १९२० असं उमटवलंय. रंगाला केसासारख्या भेगा पडल्यात आणि शेपटाजवळ टिकलीएवढा पोपडा उडून आतलं लाकूड दिसतंय. बाकी पितळेचा एक डेव्हन मिनो (टॉर्पेडोसारखं अंग, डोक्याशी दोन पंख), दोनतीन स्पून (चमच्यासारखी पत्र्याची आमिषं), त्यातला एक चेपलेला, आणि मऊ प्लास्टिकचा एक किडा जो चिकट होऊन कप्प्याला धरून बसलाय.

तर लाकडी मासा खरंच १९२० चा आहे का? ओळखीतला एक पेंटर म्हणतोय पॉलिश पेपर मारून वार्निशचा हात देतो, नवा दिसेल, पण माझं मन घेत नाही. भंगारवाला पितळ वजनावर मागतोय, ते तर मी देणारच नाही. आणि पावसाळ्यात हे ठेवायचं कसं, आमच्या घरात जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते. प्लीज जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद १

दादा, आधी त्या पेंटरला नाही म्हणून सांगा. या छंदात मूळ रंगालाच किंमत, भेगा पडलेल्या असल्या तरी. वर वार्निश चढलं की घेणारा हात लावत नाही. थिनर, मेटल पॉलिश, गरम पाणी काहीच नको, मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका आणि थांबा. गंजलेले हुकसुद्धा बदलू नका, हुक अंगात कसे बसवलेत त्यावरनं काळ ओळखतात.

१९२० ही पेटंटची तारीख आहे, बनवल्याचं साल नव्हे. कंपनी अमेरिकेत इंडियानामधल्या गॅरेट गावची, १९१६ ची, आणि ती तारीख जिभेवर पुढे बरीच वर्षं येत राहिली, म्हणजे त्याच्या आधीचा नाही एवढंच पक्कं. वर्णनावरनं याच कंपनीचा पायकी मिनो नावाचा ल्यूर वाटतोय. खवल्यांची नक्षी अंगावर जाळी ठेवून वरनं रंगाचा फवारा मारून काढायचे. मूळ पुठ्ठ्याचा खोका डब्यात किंवा बंगल्यात कुठे असेल तर जरूर शोधा, काही वेळा खोका माशापेक्षा महाग जातो.

आणि तो प्लास्टिकचा किडा आजच्या आज वेगळा करा!! त्यातनं जे तेलकट सुटतं ते शेजारच्या ल्यूरचा रंग वितळवतं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, लहान मुलांच्या हाती देऊ नका. ठेवायला कप्प्यांचा डबा, प्रत्येकाला वेगळा कप्पा, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि ऊन लागणार नाही अशी जागा.

प्रतिसाद २

चेपलेला स्पून सरळ करू नका हो. डेव्हन आणि स्पून इकडे साहेब लोक महाशीर या मोठ्या नदीतल्या माशासाठी वापरायचे, आणि महाशीरच्या जबड्यात दात नसले (ते घशात असतात) तरी तोंडाची पकड अशी जबर की हुक वाकतात. तुमच्या स्पूनला तसंच झालंय असं म्हणत नाही, पण खूण राहू द्या. गोदावरीच्या खोऱ्यातही दख्खनी महाशीर आहे. डेव्हनच्या पंखांवर किंवा पोटाला भिंगाने बघा, रेडिच किंवा हार्डी असं काही दिसतंय का. रेडिच म्हणजे इंग्लंडातलं सुया आणि गळ बनवणारं गाव, ऑलकॉक कंपनी तिथलीच, आणि हार्डी बंधू ही कंपनी इंग्लंडातल्याच अ‍ॅल्निकची, १८७२ पासूनची.

धागाकर्ता

काका, दोघांचे मनापासून आभार, किडा लगेच काढून वेगळ्या बरणीत टाकला, सुदैवाने लाकडी मासा दुसऱ्या कप्प्यात होता. खोका डब्यात नाही, बंगल्याच्या माळ्यावर अजून सामान आहे, रविवारी परत जातोय. डेव्हनच्या एका पंखावर अक्षरं आहेत पण हिरवी पूड चढलीय, वाचता येत नाहीत. आणि तो आतल्या तारेवर जाम झालाय, फिरत नाही. शिलाई मशीनचं तेल एक थेंब सोडलं तर चालेल का, की त्याने अंगावरचा उरलासुरला रंग जाईल? कुणी करून बघितलं असेल तर सांगा, तोवर हात लावत नाही.