‘वुई वेअर लायर्स’: हातातून सुटत नाही, पण पटते का?

कोथरूडची वाचक (धागाकर्ती)

ई. लॉकहार्ट यांच्या २०१४ सालच्या या इंग्रजी किशोर-कादंबरीवर २०२५ मध्ये मालिका आली आणि आमच्या वाचनगटातील अकरावी-बारावीच्या मुलांनी ती पुन्हा हाती घेतली. पुढे शेवट उघड केला आहे, हे आधीच सांगते.

सिंक्लेअर या धनाढ्य अमेरिकन घराण्याचे मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ स्वतःचे बेट आहे. थोरली नात कॅडेन्स पंधराव्या वर्षी तिथे समुद्रकाठी जखमी अवस्थेत सापडते. काय घडले ते तिला आठवत नाही, डोकेदुखी मात्र कायमची मागे लागते. दोन वर्षांनी ती बेटावर परतते, जॉनी आणि मिरेन ही मावसभावंडे व ‘गट’ नावाचा मित्र यांच्यासोबत दिवस घालवते आणि अखेरीस तिला उमगते की हे तिघेही त्याच उन्हाळ्यात आगीत मरण पावले होते आणि ती आग चौघांनी मिळूनच लावली होती.

मी ती एका बैठकीत वाचली, हे लेखिकेचे श्रेय मी नाकारत नाही. पण आई तिला खरे काय ते अनेकदा सांगते आणि ती दर वेळी विसरते, ही गोष्ट मला मान्य होत नाही. डोक्याला मार लागल्यावर बहुधा त्या घटनेच्या आगेमागचा काळ पुसला जातो. इथे मात्र नेमके तीन मृत्यू पुसले जातात, त्यांच्याविषयी नव्याने कळलेलेही टिकत नाही, बाकी सारे शाबूत राहते आणि कथानकाला गरज पडताच सगळे क्रमाने परत येते. कुलूपबंद पेटीतून जसेच्या तसे बाहेर काढावे, तशी स्मृती नसते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलीन पिकरेल या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, लहानपणी बाजारात हरवल्याची न घडलेली घटना २४ पैकी ६ जणांना अंशतः वा पूर्णपणे ‘आठवली’ होती. मनाच्या आजाराविषयीची पहिली माहिती जे वाचक अशा पुस्तकांतूनच मिळवतात, त्यांच्यासाठी लिहिताना लेखिकेची जबाबदारी वाढते, असे माझे ठाम मत आहे.

सहकारनगर

ताई, आपण या पुस्तकाला जे मोजमाप लावत आहात, ते त्याचे नव्हेच. अगदी सुरुवातीला वडील घर सोडून जातात तेव्हा कॅडेन्स सांगते की त्यांनी पिस्तूल काढून तिच्या छातीत गोळी झाडली, ती हिरवळीवर कोसळली आणि रक्त वाहू लागले; आणि लगेच पुढे आई तिला नीट वागायला, स्वतःला सावरायला बजावते. हिचे शब्द शब्दशः घ्यायचे नाहीत, हा करार लेखिकेने तिथेच वाचकाशी केला आहे. शिवाय मधूनमधून ‘एका राजाला तीन मुली होत्या’ अशा धर्तीच्या परीकथा येतात आणि वारशासाठी मुलींना झुंजवणाऱ्या आजोबांमागे शेक्सपिअरचा लिअर राजा स्पष्ट दिसतो. अशक्य पण संभवनीय वाटणारे हे शक्य पण अविश्वसनीय वाटणाऱ्यापेक्षा कवीने पसंत करावे, असे ॲरिस्टॉटलने म्हणून ठेवले आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारांहून अधिक रहस्यकथा आपल्या आजोबांच्या पिढीने शक्याशक्यतेचा हिशेब न मांडता वाचल्याच ना?

कोथरूडची वाचक

अर्नाळकरांच्या वाचकाला तो खेळ आहे हे ठाऊक होते. इथे डॉक्टर, तपासण्या, गोळ्या, डोकेदुखीची बारकाईने केलेली वर्णने हे सारे वास्तववादी कादंबरीचे साहित्य वापरले आहे. एकीकडे वैद्यकाचा आधार घ्यायचा आणि शंका आली की परीकथेकडे बोट दाखवायचे, हे मला न्याय्य वाटत नाही. पिस्तुलाचा उतारा सुंदर आहे, यात वाद नाही. मात्र तो दुःखाचे रूपक आहे आणि स्मृतिलोप हा कथेचा सांधा आहे.

मानसशास्त्राची विद्यार्थिनी, औंध

मानसिक आघातानंतर ठरावीक घटनाच न आठवणे ही अवस्था खरी आहे. २०१३ च्या ‘डीएसएम-५’ या अमेरिकन निदानसंहितेत विघटनात्मक स्मृतिलोपाची नोंद आहे आणि निवडक विस्मरण हा त्याचाच एक प्रकार मानला जातो. त्यामुळे ‘नेमके तेच कसे पुसले’ हा धागाकर्तींचा आक्षेप मला पूर्ण मान्य नाही. कोणी सांगितलेले पुन्हापुन्हा विसरणे हा मात्र वेगळाच बिघाड आहे. लेखिकेने दोहोंची सरमिसळ केली आहे. एरवी आघातानंतर अनेकांना छळते ती आठवण नकोशी असताना वारंवार उसळून येते.

हडपसरचे पाटील

आपण सर्वजण मेंदूविषयी बोलत आहात. मला अविश्वसनीय वाटले ते माणसांचे वागणे. गटचे पूर्ण आडनाव पाटील आहे. कॅडेन्सच्या मावशीचा जोडीदार एड हा भारतीय वंशाचा, आणि गट त्याचा पुतण्या. आजोबांना हे दोघे कधीच आपले वाटत नाहीत, हे कादंबरी उत्तम दाखवते आणि माझ्या मते तिचा सर्वांत प्रामाणिक भाग तोच आहे. पण मग पेट्रोलने पेटलेल्या घरात तीन अल्पवयीन मुले मरतात आणि सगळे तो अपघात धरून चालतात. कसून तपास झाल्याचे कुठे जाणवत नाही. त्या मुलाच्या स्वतःच्या घरी काय कोसळले असेल, याची कादंबरी दखल घेत नाही. वाचताना मी त्याच गोष्टीची वाट पाहत होतो.

सहकारनगर

पाटीलसाहेब, कथा कॅडेन्सच्या नजरेतून येते आणि तिला बेटापलीकडचे जग दिसत नाही. तिचे हे आंधळेपण म्हणजेच त्या घराण्यावरचा आरोप आहे. लेखिकेने गटच्या घरचे दुःख दाखवले असते तर कॅडेन्स आहे त्याहून शहाणी ठरली असती.

हडपसरचे पाटील

ते आंधळेपण लेखिकेला दिसत असेल, तर ते वाचकालाही दिसेल अशी एखादी फट तिने ठेवायला हवी होती. आगीची आठवण परतते तेव्हा कॅडेन्सला आधी आजोबांची दोन कुत्री आठवतात, ती कोंडून मेल्याचे तिला असह्य होते, आणि माणसे त्यानंतर येतात. हा क्रम भयंकर आहे आणि तो हेतुपूर्वक योजलेला आहे, हे मी मानतो. त्या कुत्र्यांना नावे आहेत, त्यांच्यासाठी केलेला आक्रोश आहे. गटच्या घरच्यांसाठी तितकी एक ओळ मला सापडली नाही. तुम्हाला सापडली असेल तर प्रकरणासह इथे लिहावी. मी ती वाचून पुन्हा उत्तर देईन.