माफिया खेळताना सूत्रधाराने किती बोलावे?

ओसरीवरून

येत्या कोजागिरीला आमच्या इमारतीच्या गच्चीवर दूध आटेपर्यंत ‘माफिया’ खेळण्याचा बेत असून सूत्रधाराचे काम माझ्याकडे आले आहे. मला वगळून पंधरा खेळाडू असतील. त्यांत कॉलेजातली मुले आहेत आणि सत्तरीचे आजोबाही आहेत. नियम आम्ही नेहमीचेच ठेवणार आहोत. पत्ते वाटून भूमिका गुप्तपणे ठरतील, रात्री सगळे डोळे मिटतील, माफिया खुणेने एकाचा बळी निवडतील, डॉक्टर एकाला वाचवेल, पोलीस एकाविषयी माझ्याकडून खुणेनेच खात्री करून घेईल आणि सकाळी वादविवाद होऊन मतदानाने एक संशयित बाहेर जाईल. सगळे माफिया संपले तर गाव जिंकेल आणि माफियांची संख्या उरलेल्या गावकऱ्यांइतकी झाली तर माफिया जिंकतील.

माझ्यापुढे तीन अडचणी आहेत. पंधरांत माफिया किती असावेत? पहिल्या रात्रीच बाद झालेल्या माणसाने पुढचा तासभर काय करावे? आणि सकाळची गोष्ट रंगवून सांगताना आवाजातून, शब्दांतून किंवा नजरेतून काही फुटू नये, यासाठी सूत्रधाराने नेमकी कोणती काळजी घ्यावी? आमच्याकडे काही जण इतके तरबेज आहेत की माझी मान कोणत्या दिशेला वळली होती, यावरूनही ते तर्क लढवतात.

त्रैराशिक

पंधरांत तीन माफिया, एक पोलीस आणि एक डॉक्टर ही मांडणी मला योग्य वाटते. पत्त्यांच्या कॅटमधून तीन गुलाम, एक राजा, एक राणी आणि दहा साधे पत्ते काढले की काम होते. दिमित्री दाविदॉफ यांनी १९८६ मध्ये मॉस्को विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात हा खेळ सुरू केला, तेव्हापासून या प्रमाणावर वाद चालू आहे आणि गणितज्ञांनीही त्यात रस घेतला आहे. ब्रेव्हरमन, एतेसामी आणि मॉसेल यांच्या २००८ च्या शोधनिबंधानुसार, विशेष भूमिका नसतील तर एकूण खेळाडूंच्या वर्गमुळाच्या प्रमाणात माफिया असले तरी दोन्ही बाजू तुल्यबळ ठरतात. पोलीस आला की मात्र माफियांना टिकण्यासाठी एकूण संख्येचा ठरावीक हिस्सा लागतो. हे निष्कर्ष मोठ्या संख्येसाठी आहेत, त्यामुळे पंधरा जणांना ते काट्याने तोलून लावू नयेत.

त्याहून उपयोगी गोष्ट सम-विषमाची आहे. एक माफिया आहे, दिवसा एकूण तीन जण जिवंत आहेत आणि मतदान निव्वळ अंदाजाने होते असे समजा. गाव जिंकण्याची शक्यता १/३ आहे. आता एक गावकरी वाढवला तर गावाचे बळ वाढेल असे वाटते. प्रत्यक्षात शक्यता १/४ वर येते, कारण मत चुकले की तीन उरतात, रात्री त्यांतला एक जातो आणि दोघांत एक माफिया म्हणजे खेळ खलास. मतदानाची संधी एकच राहिली, संशयित मात्र एकाने वाढला. पाच जण असताना ही शक्यता ७/१५ आहे आणि सहा जण असताना ती पुन्हा ३/८ पर्यंत उतरते. म्हणून पहिल्या दिवशी जिवंत असलेल्यांची संख्या विषम असणे गावाच्या फायद्याचे असते.

आपल्या पंधरांपैकी पहिल्या रात्री एक गेला तर सकाळी चौदा उरतील. त्यापेक्षा पहिली रात्र बिनखुनाची ठेवावी आणि त्या रात्री माफियांनी फक्त एकमेकांना ओळखून घ्यावे. तोंड उघडण्याआधीच कुणी बाद झाले, ही आपली दुसरी अडचणही त्यामुळे निम्मी सुटते.

पडद्यामागचा

सूत्रधाराने रात्री यंत्रासारखे असावे आणि सकाळी कीर्तनकार व्हावे, असे माझे मत आहे. रात्री प्रत्येक भूमिकेला तेच वाक्य, तोच आवाज आणि तेवढाच वेळ द्यावा. मनात दहापर्यंत मोजले तरी पुरते. बाद झालेल्याची भूमिका उघड करायची नसेल, तर पोलीस मेल्यानंतरही त्याला दर रात्री हाक मारावी आणि तेवढेच थांबावे, नाहीतर तो गेल्याचे साऱ्या गावाला कळते. बोलताना खेळाडूंकडे पाहू नये, आकाशाकडे पाहावे. गच्चीवर ते सोपे आहे. डोळे मिटलेल्या सगळ्यांना मांडीवर हलका ठेका धरायला सांगावा, म्हणजे कुणाच्या बांगड्या वाजल्या किंवा सतरंजी सरकली तरी ऐकू येत नाही.

गोष्ट सांगताना तपशील फक्त मृताविषयी द्यावेत, मारेकऱ्याविषयी एकही देऊ नये. ‘दबक्या पावलांनी कुणीतरी जिना चढले’ असे म्हटले की गुडघेदुखी असलेल्या आजोबांवरचा संशय तिथेच संपतो. ‘तो आला’ किंवा ‘ती आली’ असे क्रियापद तर चुकूनही वापरू नये. आपल्या भाषेत लिंग क्रियापदातूनच फुटते, म्हणून ‘दार वाजले’, ‘दिवा विझला’ अशी वाक्ये आधीच तयार ठेवावीत. डॉक्टरने कुणाला वाचवले असेल तर ‘आज सगळे जागे झाले’ एवढेच सांगावे, नाव घेऊ नये. मरणाऱ्याच्या सवयींना मात्र भरपूर जागा द्यावी: रोज पहाटे जास्वंद खुडणाऱ्या काकूंचा परडीसह अंत झाला, तर त्या रागावत नाहीत, उलट खूष होऊन बाहेर बसतात.

चांदणं_भात

वरील रात्रीचे नियम मला मान्य आहेत, पण सूत्रधार तटस्थच असला पाहिजे, हा आग्रह मला पटत नाही. ‘ब्लड ऑन द क्लॉकटॉवर’ हा याच घराण्यातला खेळ २०२२ मध्ये आला. त्यात सूत्रधाराला कथाकार म्हणतात आणि दारुडा ठरलेल्या किंवा विषबाधा झालेल्या खेळाडूला खोटी माहिती देण्याचा हक्क नियमानेच त्याला दिलेला असतो. मिळालेली माहिती खरी की खोटी, हे कुणालाच खात्रीने सांगता येत नसल्याने पोलिसाने उभे राहून ‘मी तपासले आहे’ म्हणताच खेळ संपण्याचा प्रकार तिथे होत नाही. हे आपल्या गच्चीवर आयत्या वेळी आणू नये. पंधरांपैकी निम्म्यांना नियमच कळणार नाहीत.

त्यातला एक नियम मात्र जरूर उसना घ्यावा. मेलेला खेळाडू चर्चेत बोलत राहतो आणि संपूर्ण खेळात मिळून त्याच्याकडे एक मत शिल्लक असते. हे मत कधी वापरायचे, या विचारात माणूस शेवटपर्यंत गुंतून राहतो. अट एवढीच की मृतांनीही रात्री डोळे मिटलेच पाहिजेत.

ओसरीवरून

सर्वांचे आभार. बिनखुनाची पहिली रात्र आणि मृतांचे एक मत, दोन्ही नक्की केले. क्रियापदाचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नसता. आणखी एक विचारतो: दोन-तीन बोलके लोक सगळी चर्चा ओढून नेतात आणि जो गप्प बसतो त्यालाच ‘हा का बोलत नाही’ म्हणून बाहेर काढतात. यावर काही उपाय?

त्रैराशिक

रशियन क्लबांत दहा जणांचा माफिया खेळतात, त्याची शिस्त पाहा. गोल बसलेल्या खेळाडूंना क्रमांक असतात, प्रत्येकाला एक मिनिट मिळते, त्या मिनिटात दुसऱ्याने बोलायचे नसते आणि दुसऱ्या दिवशी सुरुवात पुढच्या क्रमांकापासून होते. आपल्याकडे पंधरा मिनिटे नुसती भाषणांत जातील, म्हणून प्रत्येकी अर्धे मिनिट ठेवून नंतर पाच मिनिटे मोकळी चर्चा ठेवावी. मतदान एकाच वेळी बोट दाखवून घ्यावे, म्हणजे आधीच्याचे पाहून मत देणे थांबते.

पडद्यामागचा

त्यात एक भर घालतो: शपथांना बंदी करावी. ‘आईशप्पथ, मी गुलाम नाही’ असे कुणी म्हटले की ज्येष्ठ मंडळी खेळ विसरून खरोखर अस्वस्थ होतात, आणि ज्याला खोटी शपथ घ्यायची नाही तो प्रामाणिक माफिया आपोआप पकडला जातो. नवरा-बायकोंनाही शेजारी बसवू नये.

ओसरीवरून

आणि मते समसमान पडली तर?

त्रैराशिक

दोघांना पुन्हा अर्धे-अर्धे मिनिट बोलू द्यावे आणि फेरमतदान घ्यावे. तरीही बरोबरी झाली तर त्या दिवशी कुणीही बाहेर जात नाही, थेट रात्र होते.