प्रभुभोजनाआधीचं हस्तांदोलन : समेट की देखावा?

कोपऱ्यातलं बाक (धागाकर्ता)
आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) इमारत निधीच्या हिशेबावरून दोन घरांत आठ महिने अबोला आहे. वार्षिक सभेत एकाने उभं राहून विचारलं, "पैसे गेले कुठे, ते खजिनदारांनी सांगावं." नंतर तपासणीत निघालं की वर्गणीची एक पावती वहीत दोनदा चढली होती, म्हणून वहीतली शिल्लक बँकेपेक्षा जास्त दिसत होती. पैसा कुठेच गेला नव्हता. हे कळल्यावर विचारणाऱ्याने चकार शब्द काढला नाही.

मागच्या रविवारी पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळे मिळून भाकरी नि द्राक्षरस घेतात त्याआधी, दोघांना पुढे बोलावून हात मिळवायला लावले. सगळे "आमेन" म्हणाले. मी दुसऱ्या रांगेत होतो. खजिनदारांचा हात समोरच्याच्या हातात नुसता ठेवलेला होता, बोटं मिटलीच नाहीत. भाकरीचं तबक आलं तेव्हा त्यांनी काही न घेता ते तसंच पुढे सरकवलं.

माझं मत : आरोप सभेत झाला, तर चूकही सभेतच कबूल व्हावी. त्याआधीचं हस्तांदोलन म्हणजे ओल आलेल्या भिंतीवर चुना.

साधा सभासद
अजिबात पटलं नाही. बायबलमध्ये मत्तय 5:23-24 मध्ये दान वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलंय. पाळकांनी वेगळं काय केलं? आणि योहान 13:35 मध्ये येशू म्हणतो : तुमची एकमेकांवर प्रीती असली तर त्यावरून सगळे ओळखतील की तुम्ही माझे शिष्य आहात. माझा एक सहकारी पहिल्यांदाच उपासनेला आला होता. बाहेर पडताना म्हणाला, "तुमच्यात अर्धे लोक या दाराने का जातात नि अर्धे त्या दाराने?" काय सांगणार होतो मी त्याला, पावती दोनदा चढली म्हणून? आठ महिने थांबलात, अजून किती? मन वळल्यावरच हात पुढे येतो असंही नाही. कधी हात आधी जातो, मन मागून येतं.

तळटीप
साधा सभासद, तोच उतारा पुन्हा वाचा. "तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे" असं आठवलं तर *तू* ऊठ आणि *जा*. म्हणजे ज्याने दुखावलं त्याने दुखावलेल्याच्या दारात जायचं. इथे तर ज्याच्यावर आळ आला त्यालाच उठवून पुढे आणलं. तेही सगळ्यांच्या नजरेसमोर, जिथे "नाही" म्हणण्याची सोयच नाही.

दक्षिण आफ्रिकेत 1996 साली आर्चबिशप डेस्मंड टुटूंच्या अध्यक्षतेखाली, वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांसाठी नेमलेल्या सत्य आणि समेट आयोगाच्या सुनावण्या सुरू झाल्या. तिथे राजकीय गुन्ह्यांना माफी मिळवायला पश्चात्ताप दाखवण्याची सक्ती नव्हती, पण काय केलं ते सगळं सांगण्याची होती. नावातही 'सत्य' आधी. एवढ्या मोठ्या जखमांना जो क्रम लावला, तो एका पावतीला लावायला आपल्याला जड का जावं?

मधली रांग
दोघांशीही थोडा वाद घालतो. जाहीरपणे बोलावणं हेच चूक, असं प्रेषित पौलाला वाटत नव्हतं. फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तो युवदीया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांना नावानिशी विनवतो, एकचित्त व्हा म्हणून. पत्र सगळ्या मंडळीसाठी होतं, म्हणजे दोघींनी ते चारचौघांतच ऐकलं असणार. चूक कोणाची, यावर तो अवाक्षर लिहीत नाही. त्या दोघींना मदत कर, असं मात्र एका सोबत्याला सांगतो. मला तो मदत करणारा महत्त्वाचा वाटतो. तुमच्याकडे आठ महिन्यांत कोणी एकजण तरी दोन्ही घरी जाऊन बसला का?

आणि कबुलीचा आग्रह धरताना जरा जपून. "तो चुकला हे सगळ्यांना कळू दे" यात न्याय किती आणि सूड किती, हे आपलं आपल्यालाही कळत नाही. 1 करिंथ 6:7 मध्ये पौल सरळ विचारतो, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही?

कोपऱ्यातलं बाक
कोणी गेलं नाही. मीही नाही. हे मान्य.

पण "अन्याय सोसा" हे वचन पौलाने एकमेकांना न्यायालयात खेचणाऱ्यांना लिहिलं. आपण ते नेहमी मार खाल्लेल्यालाच वाचून दाखवतो. तोच पौल फिलेमोन या विश्वासू मित्राला लिहितो की तुझा दास अनेसिम याने तुझं काही नुकसान केलं असेल तर ते माझ्या नावावर मांड. झालं गेलं विसर, असं म्हणून तो हिशेब उडवत नाही. येशूला भेटलेला जकातदार जक्कयही नुसता हळहळला नाही, फसवून घेतलेलं चौपट परत करतो म्हणाला. इथे गेलं ते नाव. नावाचं चौपट कसं करायचं?

साधा सभासद
हा मुद्दा घेतो. पण एक विचारू? खजिनदारांना स्वतःला काय हवंय? का आपणच त्यांच्या वतीने भांडतोय?

कोपऱ्यातलं बाक
तुमचं वाचून काल त्यांच्या घरी गेलो. माफी नको म्हणाले. एवढंच म्हणाले, "त्या सभेच्या इतिवृत्तात प्रश्न लिहिलाय. उत्तरही कुठेतरी लिहा."

तळटीप
इतिवृत्त कोण लिहितं तुमच्याकडे?

कोपऱ्यातलं बाक
मीच. तपासणीचा अहवाल ज्या बैठकीत आला, तिचं अजून फेअर केलेलं नाही.